यमपुरीचा नकाशा आणि आपलं शहर

डार्क फॅन्टसी या प्रकारातल्या कादंबरीत किंवा गेममध्ये एक शहर हमखास असतं. तिथे कायम तिन्हीसांजा असतात, तट उंच असतात, आणि शहराच्या वेगवेगळ्या वस्त्या असतात. गोष्टीची अर्धी मजा या वस्त्यांमध्येच असते. २०१५ साली आलेल्या 'ब्लडबोर्न' या गेममध्ये यार्नम नावाचं असं शहर आहे. वर कॅथेड्रल वॉर्ड, खाली ओल्ड यार्नम. साथ आली तेव्हा खालची वस्ती जाळून टाकली आणि तिकडची वाट बंद केली. ही माहिती कोणी सलग गोष्ट म्हणून सांगत बसत नाही. जळक्या भिंती आणि बंद दारं पाहत चालताना आपण ती जुळवत जातो. कोण वर राहिलं, कोण खाली राहिलं आणि ते कोणी ठरवलं, हे नकाशाच सांगतो.

अशा शहराचा एक नकाशा मराठी घरांत फार पूर्वीपासून आहे. फक्त आपण तो तेराच दिवस उघडतो आणि नंतर पुस्तक घरात ठेवणंसुद्धा टाळतो. गरुडपुराणाविषयी बोलतोय. आपल्याकडे सुतकात वाचतात तो बहुतेक वेळा मूळ विस्तृत ग्रंथ नसतो, तर नौनिधिराम यांनी केलेला सोळा अध्यायांचा 'सारोद्धार' असतो. त्याच्या चौदाव्या अध्यायात यमाच्या नगरीचं वर्णन येतं, आणि ते वाचताना एखाद्या नगररचनाकाराचा अहवाल वाचतोय असं वाटतं. दक्षिण आणि नैर्ऋत्य यांच्या मध्ये वज्राची चौकोनी नगरी. चार दरवाजे, सात तट. आत चित्रगुप्ताचं पंचवीस योजनं पसरलेलं घर, भोवती लोखंडी कोट. आणि त्या घराच्या आठ दिशांना रोगांची घरं. पूर्वेला ज्वर. दक्षिणेला शूळ आणि अंगावर उठणारे फोड. पश्चिमेला कालपाश, अजीर्ण आणि अरुची. उत्तरेला क्षय आणि पांडुरोग. ईशान्येला डोकेदुखी, आग्नेयेला मूर्च्छा, नैर्ऋत्येला अतिसार, वायव्येला थंडी आणि दाह. पुण्यवान पूर्व, उत्तर आणि पश्चिम दरवाजांनी येतात. पाप्यांसाठी दक्षिण दरवाजा.

दांतेच्या 'इन्फर्नो'तही अशी वर्तुळं आहेत, तटबंदीचं दिते नावाचं शहर आहे. पण ज्या नगरीत मध्यवर्ती कार्यालय हिशोबनिसाचं आहे आणि त्याच्या शेजारीपाजारी रोग बिऱ्हाड करून राहतात, अशी दुसरी मला माहीत नाही.

या लेखात मला एवढंच विचारायचं आहे : शहराचा अंधारा भाग कोणाच्या वाट्याला यावा? गरुडपुराणाकडे याचं स्वच्छ उत्तर आहे. आपल्या शहराकडे नाही. आणि ते स्वच्छ उत्तर आपण आपल्या शहराला लावायला गेलो, तर काय होतं?

हिशोब

आजोबा गेले तेव्हा चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात महाराज रोज संध्याकाळी पोथी वाचायला येत. मी कोपऱ्यात बसून मोबाइलवर गणित करत होतो, कारण पोथीत गणित होतं. मर्त्यलोक ते यमलोक हे अंतर ८६,००० योजनं. प्रेत रात्रंदिवस चालून एका दिवसात २४७ योजनं कापतं. भागाकार केला तर ३४८ दिवस आणि वर थोडंसं. तेराव्याला निघायचं, म्हणजे वर्षश्राद्धाच्या सुमारास पोहोचायचं. वाटेत सोळा नगरं : सौम्यपूर, सौरिपूर, नगेंद्रभवन, गंधर्व, शैलागम, क्रौंच, क्रूरपूर, विचित्रभवन, बह्वापद, दुःखद, नानाक्रंद, सुतप्तभवन, रौद्र, पयोवर्षण, शीताढ्य, बहुभीती. वर्षभरातली मासिक श्राद्धंही सोळाच. प्रत्येक टप्प्यावर घरच्यांनी दिलेला पिंड खाऊन पुढे निघायचं. ज्याने कोणी ही रचना बसवली, त्याची आकडेमोड पक्की होती. इंजिनिअर म्हणून मला तिचं कौतुक वाटलं.

माहिती गोळा करायची यंत्रणाही तशीच चोख. 'श्रवण' नावाचे ब्रह्मपुत्र लांबूनच सगळं ऐकतात, पाहतात आणि चित्रगुप्ताला कळवतात. त्यांच्याखेरीज साक्षीदार म्हणून सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, आकाश, भूमी, पाणी, दिवस, रात्र आणि दोन्ही संध्या. चित्रगुप्ताची नोंद कधीही चुकत नाही असं पोथी म्हणते. कधीच न चुकणाऱ्या सिस्टिमवर माझ्या धंद्यातला कोणी विश्वास ठेवणार नाही, पण तो मुद्दा सोडून देऊ.

बाबा त्या वाचनात फारसं बोलत नसत. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेराशी संपते. नव्वदच्या दशकात भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर ते काम करत होते तेव्हाची गोष्ट. प्रेसचं गार्ड काढून ठेवलेलं होतं, कारण गार्ड लावलं की एका तासात नग कमी निघत. नंतर कागदावर लिहिलं गेलं, कामगाराचा निष्काळजीपणा. चित्रगुप्ताचा अध्याय चालू असताना बाबांनी एकदाच विचारलं, "महाराज, अपघात झाला तर तो कुणाच्या खात्यावर चढतो?"

महाराज म्हणाले, "ज्याचं कर्म त्याच्या खात्यावर, दादा."

बाबा वाद घालणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि चहाचं बघायला आत गेले. पण तो प्रश्न मला नंतर बरेच दिवस पुरला.

जागा हाच पुरावा

यमपुरीची रचना क्रूर आहे यात शंका नाही. तरीही तिच्यात एक दिलासा आहे, आणि माझ्या मते लोक शेकडो वर्षं ती ऐकत आले ते त्या दिलाशासाठी. तिथे कोणीही चुकीच्या जागी नाही. जो क्षयाच्या घरात आहे त्याने त्याचं काम केलेलं आहे. जो दक्षिण दरवाजाने आला तो दक्षिण दरवाजाचाच होता. इथे सत्तेतल्या माणसानं पचवलेलं सगळं तिथे बाहेर निघणार. ज्याला आयुष्यात कुठल्याच कचेरीत न्याय मिळाला नाही, त्याला शेवटी एक कचेरी अशी सापडते जिथे वशिला चालत नाही. हे आकर्षण मी थट्टेवारी नेणार नाही.

अडचण सुरू होते ती हा नकाशा उलटा वाचला की. कर्मावरून जागा ठरते, हे एकदा मान्य केलं की जागेवरून कर्म ओळखता येतं असं वाटायला लागतं. पोथी स्वतःच हे पाऊल टाकते. पाचव्या अध्यायात ब्रह्महत्या करणारा क्षयरोगी होतो, कन्येचा घात करणारा कुष्ठरोगी होतो, आणि असे लोक चांडाळयोनीत जन्मतात, अशी यादी येते. म्हणजे समोरचा खोकून रक्त टाकतोय, किंवा गावकुसाबाहेर जन्मलाय, एवढाच त्याच्याविरुद्धचा पुरावा. गुन्हा कोणी पाहिला नाही, साक्ष कोणी दिली नाही. शिक्षा दिसतेय, त्याअर्थी गुन्हा झाला असणार. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पेपरात ही चूक केली तर मार्क कापतात. आपण तिच्यावर समाज उभा केला.

आमच्या शहराचा जन्म या बाबतीत मला बोलका वाटतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेव्हा इथे टेल्को नव्हती, बजाज ऑटो नव्हती. आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन इथे तयार झालं. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक. चित्रगुप्ताच्या घराच्या उत्तरेला ज्या रोगाचं बिऱ्हाड होतं, त्याचं कारण १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, आणि त्याचं औषध एचएच्या टाक्यांमध्ये तयार होऊ लागलं. क्षयरोग्याच्या खात्यावर पिढ्यान्‌पिढ्या चढवलेलं पाप ही चुकीची नोंद होती, आणि ती रद्द झाली. न चुकणाऱ्या वहीत हे घडलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अ ते ह

आता आपल्या शहराचा नकाशा. पिंपरी-चिंचवड महापालिकेची आठ क्षेत्रीय कार्यालयं आहेत : अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह. यमपुरीच्या आठ दिशांसारखीच आठ. पण इथल्या वस्त्या कर्मानुसार पडलेल्या नाहीत.

१९६२ मध्ये एमआयडीसी आली. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. मधल्या काळात, १९७२ मध्ये, कारखान्यांत येणाऱ्या माणसांना राहायला नियोजित जागा मिळावी म्हणून नवनगर विकास प्राधिकरण निघालं. त्याच वर्षीच्या दुष्काळात आजोबा बीडकडून इथे आले, पण सेक्टरवाल्या रुंद रस्त्यांच्या प्राधिकरणात राहायला गेले नाहीत. त्यांच्या बरोबरीचे बहुतेक जण गेले नाहीत. काही नाल्याच्या कडेला राहिले, काही रेल्वेलगत. निगडीत आजही एका वस्तीचं नाव 'ओटा स्कीम' आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा पिंपरी कॅम्प वेगळा. पुढे वाकड आणि पिंपळे सौदागरचे टॉवर आले, ते हिंजवडीच्या पगारावर. मोशीला सगळ्या शहराचा कचरा जातो, पण मोशीनं काही सगळ्या शहराइतका कचरा केलेला नाही. चिखलीजवळच्या कुदळवाडीत सगळ्या शहराचं भंगार जमत होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पालिकेनं तिथली काही हजार बांधकामं पाडली, आणि भंगार वेगळं करणारी माणसं दुसरीकडे पांगली. भंगार तयार व्हायचं काही थांबलेलं नाही.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. आत महिला काम करत होत्या, त्यातल्या अनेक जणी गेल्या. त्या कारखान्याला परवानगी नव्हती हे नंतर समोर आलं. या बायका कोणत्या दरवाजातून कुठे पोहोचल्या असतील, हे मला माहीत नाही. पण त्या तिथे का होत्या याचं उत्तर कुठल्याही पूर्वजन्मात शोधायची गरज नाही. रोजंदारी, घरापासूनचं अंतर, आणि बाहेरून न तपासलेली एक शेड, एवढ्यात ते संपतं.

चाकणला गेलं की हीच उतरंड उभ्या रेषेत दिसते. रस्त्यावरून दिसतात त्या काचेच्या आणि झाडी लावलेल्या मोठ्या गाड्यांच्या कंपन्या. त्यांना सुटे भाग देणारे टिअर वन, त्यांना देणारे टिअर टू, आणि सगळ्यात शेवटी दोन-चार प्रेस टाकून जॉब वर्क करणारे टिअर थ्री. दांतेच्या वर्तुळांसारखं जितकं खाली जाल तितका उजेड कमी, जागा अरुंद आणि मशीन जुनं. सेफ इन इंडिया ही संस्था 'क्रश्ड' या नावानं अहवाल काढते, ते वाहन उद्योगाच्या या साखळीत कामगारांची बोटं कशी तुटतात याविषयी असतात. बोट तुटतं ते बहुतेक खालच्या मजल्यांवर. शोरूममध्ये उभ्या गाडीवर त्याचा डाग नसतो.

यमपुरी आणि आपलं शहर यांतला फरक असा की तिथे अंधारात राहणाऱ्यानंच अंधार केलेला असतो, आणि इथे बहुतेक वेळा दुसऱ्यानं. पण दुसऱ्यानं म्हणजे कोणी, हे विचारलं की खरा गुंता सुरू होतो.

फेसाचं खातं

इंद्रायणीचं उदाहरण घ्या. गेली काही वर्षं आळंदीला नदीवर पांढरा फेस तरंगताना वारंवार दिसतो. लांबून बर्फासारखा. त्याच पाण्यात वारकरी स्नान करतात. आता चित्रगुप्त हा फेस कोणाच्या खात्यावर टाकणार?

काही भाग कारखान्यांच्या सांडपाण्याचा. काही भाग प्रक्रिया न होता नदीत जाणाऱ्या घरगुती मैल्याचा आणि साबणाचा, आणि ते पाणी लाखो घरांतून येतं. माझ्या घरातल्या वॉशिंग मशीनचं पाणी त्यातलंच. मी एकट्यानं पावडर वापरणं बंद केलं तर नदीला कळणारही नाही. प्रत्येकाचं हेच. प्रत्येकाचा वाटा इतका लहान की त्यानं काही फरक पडत नाही, आणि सगळ्यांचा मिळून फेस तयार होतो.

तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी 'रीझन्स अँड पर्सन्स' (१९८४) या पुस्तकात अशीच एक कल्पना मांडली आहे. हजार छळ करणारे आणि हजार बळी. प्रत्येक जण एकच बटण दाबतो. त्या बटणानं प्रत्येक बळीच्या वेदनेत हजारातला एक भाग भर पडते, जी कोणालाही जाणवत नाही. हजार बटणं दाबली गेल्यावर सगळे बळी असह्य वेदनेत तळमळतात. कोणीही एकानं कोणाही एकाची वेदना जाणवण्याइतकी वाढवलेली नाही. मग कोणी काही वाईट केलंच नाही का? पारफिट म्हणतात, केलं. आपण बाकीच्यांसोबत मिळून जे करतो त्याचाही विचार करायला हवा, फक्त आपल्या बटणाचा नाही.

हे पटतं. पण चित्रगुप्ताच्या वहीत हे बसवायचं कसं? माझ्या भाषेत सांगायचं तर त्या डेटाबेसचा स्कीमाच अपुरा आहे. एक जीव, त्याखाली त्याची कर्मं, आणि कर्मांची फळं. दोन जीवांनी मिळून केलेल्या गोष्टीला तिथे टेबल नाही. व्यवस्थेनं केलेल्या गोष्टीला तर नाहीच. त्यामुळे ज्या गोष्टी सगळ्यांनी मिळून केल्या, त्या एकतर कोणाच्याच नावावर लागत नाहीत, किंवा ज्याच्या अंगावर त्या कोसळल्या त्याच्याच नावावर लागतात. बाबांच्या बोटाचं नेमकं हेच झालं. गार्ड काढायला सांगणारा सुपरवायझर, सुपरवायझरवर नगांचा दबाव टाकणारा मालक, मालकाला दर पाडून मागणारी वरची कंपनी, स्वस्त गाडी शोधणारा गिऱ्हाईक आणि तपासणीला न फिरकलेलं खातं, ही सगळी साखळी एका ओळीत लिहिता येत नव्हती. म्हणून एका माणसाचं नाव लिहिलं.

गंमत अशी, की कारखान्यांत या चुकीवरचा उपाय सगळ्यांना पाठ आहे. टोयोटाकडून आलेली 'फाइव्ह व्हाय' पद्धत चाकणच्या ट्रेनिंग रूममध्ये भिंतीवर लावलेली असते. बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं. सुटा भाग खराब निघाला तर कंपन्या हे मनापासून करतात. माणूस जखमी झाला की पहिल्याच 'का'ला उत्तर मिळतं, आणि बैठक संपते.

दोष आणि जबाबदारी

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळ्यांनी मिळून केलं असं म्हटलं की कोणीच केलं नाही असं होतं. सामूहिक पाप ही गुन्हेगारासाठी सोयीची जागा आहे. परवाना नसताना शेड चालवणारा उद्या म्हणेल, समाजच असा आहे, केकवर मेणबत्त्या तुम्हीही लावताच.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आयरिस मरियन यंग या राजकीय तत्त्वचिंतक बाईंचं 'रिस्पॉन्सिबिलिटी फॉर जस्टिस' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर २०११ साली आलं. त्यात दोष आणि जबाबदारी यांत त्या फरक करतात. दोष मागे पाहतो. तो नेमक्या माणसाचा, नेमक्या कृत्याचा असतो, त्यासाठी पुरावा लागतो आणि शिक्षा असते. तळवड्याच्या शेडच्या बाबतीत दोष शोधणं हे पोलिसांचं आणि कोर्टाचं काम आहे आणि ते झालंच पाहिजे. जबाबदारी पुढे पाहते. ज्या व्यवस्थेत मी भाग घेतो आणि जिचा फायदा मला मिळतो, ती अन्याय तयार करत असेल तर ती बदलण्यात माझा वाटा आहे, मग मी दोषी असो किंवा नसो. आणि हा वाटा सगळ्यांचा सारखा नसतो. ज्याच्या हातात जास्त सत्ता, ज्याला जास्त फायदा, ज्याला बदल घडवणं जास्त शक्य, त्याचा वाटा जास्त. गाड्यांची कंपनी आपल्या टिअर थ्रीच्या प्रेसवर गार्ड आहे का हे विचारू शकते, कारण त्याच प्रेसवरच्या भागाची मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंतची माहिती तिच्याकडे असते. मेणबत्ती विकत घेणाऱ्याकडे तेवढी माहिती नसते.

हा फरक मला माझ्या बाबतीतही वापरून पाहायचा होता, कारण दुसऱ्यांवर तो सहज लागू होतो. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला एक दिवसाआड पाणी येतं. ते मुख्यतः पवना धरणाचं. धरणातून थेट बंद जलवाहिनीनं पाणी आणायची योजना होती. मावळातल्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. मी तेव्हा शाळेत होतो. गोळीबारात माझा दोष शून्य. पण आज नळ सोडला की जे पाणी येतं, त्याचा वाद अजून त्याच नदीवर आहे. त्या पाण्यावर माझं शहर मोठं होतंय, आणि माझ्या फ्लॅटची किंमतही. दोष नाही म्हणून विषय संपला, असं मला म्हणता येत नाही. धरणाखालच्या गावांना काय मिळालं, सोसायटीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र खरंच चालू असतं की बिल्डरनं दाखवून बंद ठेवलंय, हे विचारणं माझ्या वाट्याला येतं. प्रायश्चित्त म्हणून नाही. पाणी वापरणारा म्हणून.

कैवर्ताचा प्रश्न

गरुडपुराणावर इतकी टीका केल्यावर त्यातली एक जागा मला सोडवत नाही. विचित्रभवन ओलांडल्यावर वाटेत वैतरणी लागते. शंभर योजनं रुंद, पू आणि रक्ताची. (आपल्या महाराष्ट्रातली वैतरणा मुंबईच्या नळांना पाणी पुरवते, हा निव्वळ योगायोग.) काठावर कैवर्त, म्हणजे नावाडी, नाव घेऊन उभे असतात. ते प्रेताला जे विचारतात ते हिशोबाच्या वहीपेक्षा वेगळं आहे. तू काही दिलं आहेस का? पोथी वैतरणी हा शब्दच 'वितरण' म्हणजे दान यावरून आला असं सांगते. ज्यानं दिलं तो नावेत. तिथला संकेत गोदानाचा आहे आणि त्याच्यावर पुरोहितवर्गाचा फायदा चिकटलेला आहे, हे उघड आहे. ते बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. ज्याचं त्याचं कर्म म्हणणारी हीच पोथी प्रेताला एकट्यानं एक पाऊलही चालू देत नाही. महिन्याचा पिंड मागे राहिलेल्यांनी द्यायचा. नदी दिलेल्याच्या जोरावर पार करायची. काटेकोर हिशोब मानला तर दुसऱ्याच्या पिंडानं माझी भूक भागायला नको. पण भागते. म्हणजे रचनाकारालाही नुसत्या वैयक्तिक खात्यावर ही वाट चालून संपणार नाही, हे कुठेतरी माहीत होतं.

वारकरी परंपरेत याहून पुढचं पाऊल आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांसोबत चोखामेळा गेले, अशी परंपरा आहे. कामावर झालेला अपघातच तो. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. कोणत्या पापामुळे भिंत पडली, असं नामदेवांनी विचारल्याचं कोणी सांगत नाही. या माणसाची जागा कुठे, एवढाच प्रश्न त्यांनी घेतला, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला देवाच्या दारापर्यंत आणलं. दाराच्या आत नाही, हेही खरं. तो उंबरठा ओलांडायला पुढे कित्येक शतकं गेली. पण नकाशा बदलता येतो हे त्यांनी दाखवलं, आणि तो बदलायला चित्रगुप्ताची परवानगी घेतली नाही.

मला वाटतं, अंधाऱ्या नगरीच्या गोष्टी आपल्याला आवडतात त्या यासाठी, की तिथे प्रत्येक वस्तीला कारण असतं. आपल्या शहरातही प्रत्येक वस्तीला कारण आहे. फक्त ते त्या वस्तीत सापडत नाही. ओटा स्कीमचं कारण प्राधिकरणाच्या फाइलींमध्ये आहे, मोशीच्या ढिगाचं कारण माझ्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यांत आहे, टिअर थ्रीच्या तुटलेल्या बोटांचं कारण वरच्या मजल्यावरच्या खरेदी खात्याच्या दरपत्रकात आहे. वस्ती पाहून माणसाचं कर्म ठरवणं सोपं असतं. वस्तीपासून निघून कारणापर्यंत चालत जाणं ८६,००० योजनांइतकं नसलं तरी लांब आहे, आणि वाटेत आपलंही घर लागतं.

पोथीतल्या साक्षीदारांच्या यादीत पाणी आहे, हे मी वर लिहिलं. आळंदीला इंद्रायणीचं पाणी बाटलीत भरून तपासलं की त्यात विरघळलेला प्राणवायू किती, सेंद्रिय घाण किती, हे आकड्यांत येतं. साक्ष झालेली आहे. ती कोणाच्या खात्यावर चढवायची यावर आपण अजून वाद घालतोय, आणि तोवर पुढच्या एकादशीचं स्नान त्याच पाण्यात होणार आहे.